आईच्या गुडघ्याबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "चार-पाच इंचांच्या चिऱ्यात गुडघा बदलतात, मग आईला एवढा मोठा चिरा कशाला?" पैशापायी मी मागे सरलो असं तुला वाटलं. ते मला लागलं, म्हणून लिहायला बसलो.

नागपूरला दोघांना दाखवलं. पहिल्या डॉक्टरांनी तिला चार पावलं चालवूनही पाहिलं नाही, थेट छोट्या चिऱ्याचं पॅकेज सांगितलं. दुसऱ्यांनी तिला निजवलं, दोन्ही घोटे जुळवले आणि मला म्हणाले, "काका, गुडघ्यांच्या मधे मूठ घाला." माझी मूठ आरपार गेली रे! चाळीस वर्षं वावरात निंदणाला उकिडवी बसली ती. पाय इतके बाकले, आणि एका घरात राहून माझ्या ध्यानात आलं नाही.

छोट्या चिऱ्यात मांडीच्या स्नायूला इजा कमी होते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे दुखणं कमी राहू शकतं. पण त्यासाठी पाय फार बाकलेला नको, गुडघा बऱ्यापैकी वाकता हवा, वजन आटोक्यात हवं. आईचा गुडघा पुरता सरळही होत नाही, वरून वजन आणि साखर. अरुंद जागेतून हाड कापताना नवा सांधा तिरका बसला, तर तो लवकर झिजतो आणि गुडघा पुन्हा उघडावा लागतो. आत बसणारा सांधा मोठ्या चिऱ्यात काय नि छोट्या चिऱ्यात काय, तसाच. काही महिन्यांनी चालण्यातही फारसा फरक उरत नाही म्हणे.

या दुसऱ्या डॉक्टरांना मी भीड न ठेवता विचारलं, "छोट्या चिऱ्याची तुम्ही स्वतः किती केलीत?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "पुष्कळ केलीत. हात बसायलाच बराच काळ गेला. म्हणूनच सांगतो, यांना ते करणार नाही." येत असून नाही म्हणणारा माणूस मला भरवशाचा वाटला.

आधी साखर आटोक्यात आणायची, मग तारीख. पऱ्हाटीची पहिली वेचणी तोवर उरकेल. नंतर तिला उकिडवं बसता येणार नाही, म्हणून संडासात कमोड बसवायला गवंड्याला सोमवारी बोलावलं आहे. पहिले पंधरा दिवस व्यायामाला तिला धरून उभं करावं लागेल. माझ्या एकट्याच्यानं ते होणार नाही. तेवढी रजा आतापासूनच सांगून ठेव.

तुझा,
बाबा