बॅरेल आतून घासा

सिंगापूर,
जुलैअखेर

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

दादाने काल फोटो पाठवला. आयर्विन पुलाखालचं पाणी उतरतंय हे बघून जिवात जीव आला. पण त्याच फोटोत अंगणातली निळी बॅरेलं काठोकाठ भरलेली दिसली, एकावरही झाकण नाही. रात्री झोप लागेना, म्हणून हे पत्र. आई, सगळ्यांना वाचून दाखव.

दोन वर्षांपूर्वीचा भाद्रपद मी विसरलेले नाही. अण्णा, डेंग्यूच्या तापाने फणफणत तुम्ही पाच दिवस पडवीत पडून होतात, मच्छरदाणीशिवाय. तिसऱ्या आठवड्यात वहिनीला ताप आला. आपण म्हणालो, हवाच खराब आहे. पण डेंग्यू हवेतून येत नाही. तुम्हाला चावलेल्या डासाच्या अंगात आठ-दहा दिवसांत विषाणू वाढला आणि बहुधा तोच वहिनीला चावला. हा डास दिवसा चावतो. ताप चढल्यापासूनच तुम्हाला भरदुपारीही मच्छरदाणीत झोपवलं असतं तर कदाचित वहिनीला ते दुखणं आलंच नसतं. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, ती रुखरुख अजून जात नाही.

इथं सरकारी निरीक्षक घरोघरी येऊन तपासतात, अळ्या सापडल्या तर दंड होतो. गेल्या महिन्यात आलेल्या बाईंनी बॅटरी लावून मनीप्लांटच्या बाटलीतली मुळं बघितली, मग कुंडीखालच्या थाळीच्या कडेवरून बोट फिरवलं. थाळी कोरडी होती, तरी म्हणाल्या, घासून ठेवा. मी विचारलं, कोरडीला काय घासायचं? तेव्हा कळलं, मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवून. काळी, खसखशीएवढी. पाणी ओतून दिलं तरी ती हलत नाहीत, कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. तिथून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरे.

म्हणजे आपण बॅरेल नुसतं उपडं करत होतो, ते अर्धंच काम. दर शनिवारी काथ्याने आतून काठापासून तळापर्यंत खसाखसा घासा आणि भरल्यावर वर जुन्या धोतराचं फडकं सुतळीने आवळून बांधा. हौद उपसणं होत नाही, तर त्यात गप्पी मासे सोडा, आशाताईंना विचारा.

आजी म्हणते डास गटारीतले. ते वेगळे, हा घरातल्या स्वच्छ पाण्यातला. धुराची गाडी गल्लीतून गेली म्हणून निर्धास्त होऊ नका. धुराने उडते डास मरतात, अंडी-अळ्या तशाच राहतात. शेजारच्या काकूंना आणि गच्चीवर टायर ठेवणाऱ्या भाऊंनाही गोडीत सांगा. हा डास फार लांब उडत नाही, आपल्या गल्लीतला बहुतेक आपल्याच गल्लीत फिरतो.

कुणाला ताप आलाच तर पॅरासिटॅमॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी नको, रक्तस्राव होऊ शकतो. ताप उतरल्यावर उलट जास्त जपायचं. पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर मध्यरात्र असली तरी मिरज गाठा. अण्णा, डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक तुम्हाला होऊन गेलाय. दुसऱ्याने गाठलं तर तो जड जाण्याची भीती असते. माझा जीव तिथंच अडकलाय.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. दादाला म्हणावं, मोबाइल बॅरेलात धरून आतली कड दाखव.

तुमची,
ताई