पाठांतरातून घडलेला चिकित्सक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साम्राज्यकालीन चीनच्या परीक्षांवरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचनीय होता. मात्र कन्फ्युशियन पंडित म्हणजे आयुष्यभर घोकंपट्टी करणारा माणूस, हा त्यातला सूर पटला नाही. छिंग राजवटीतील दाई झेन (१७२४–१७७७) याची वैचारिक वाटचाल पाहिली तर पाठांतर आणि चिकित्सा यांचे वैर लेखकाला वाटते तेवढे नव्हते, असे दिसते.

दाई हा अन्ह्वेई प्रांतातल्या श्यूनिंगच्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा. 'महाविद्या' या कन्फ्युशियन ग्रंथातले अमुक वचन कन्फ्युशियसचे आणि ते सांगितले शिष्य झेंगझीने, असे गुरुजी शिकवत असता दहा वर्षांच्या दाईने विचारले, "हे कशावरून?" गुरुजी म्हणाले, "झू शी तसे सांगतात." झू शी हे प्रमाण मानले जाणारे टीकाकार दक्षिण सुंग काळातले आणि कन्फ्युशियस चौ काळातला, मध्ये जवळजवळ दोन हजार वर्षे गेलेली, हे गुरुजींकडूनच वदवून घेतल्यावर त्याने विचारले, "मग झू शींना हे कसे कळले?" गुरुजी निरुत्तर झाले. चरित्रकारांनी या प्रसंगाला थोडी झिलई दिली असेलही, पण पुढचे आयुष्य त्याला साजेसेच आहे. अभिजात ग्रंथ आणि त्यांवरील मूळ टीका आपल्याला मुखोद्गत आहेत, असे हाच दाई पुढे सांगत असे.

ज्यांग योंग या गुरूकडे त्याने उच्चारशास्त्र, गणित आणि खगोल यांचे धडे घेतले. राजधानीतल्या परीक्षेत तो सहा वेळा नापास झाला. तरीही १७७३ मध्ये बादशाही ग्रंथसंग्रहाच्या संपादनासाठी त्याला बोलावणे आले, आणि एका जुन्या ज्ञानकोशात विखुरलेले प्राचीन गणितग्रंथ त्याने तिथे पुन्हा जुळवले. पदवी मिळाली ती १७७५ मध्ये, बादशहाच्या खास कृपेने.

परंतु त्याचे खरे धाडस 'ली' या एका शब्दाच्या अर्थनिश्चितीत आहे. झू शींसारख्या सुंग पंडितांनी 'ली' हे आकाशाकडून मिळालेले आणि मनात वसणारे तत्त्व मानले व त्याला वासनेच्या विरोधात उभे केले. जुन्या ग्रंथांत हा शब्द कसा वापरला आहे ते तपासून दाईने दाखवले की 'ली' म्हणजे वस्तूंच्या अंगचा पोत, त्यांच्यातली बारीक रेषारेषांची रचना. ती वस्तूंतच शोधावी लागते. एकदा ती मनात असल्याचे मानले, की ज्याच्या हाती सत्ता त्याचे मत हेच तत्त्व ठरते. वडीलधारे चुकले तरी त्यांचेच बरोबर, आणि धाकट्याचे म्हणणे रास्त असले तरी तो उद्धट. कायद्याने मेलेल्याची कीव करणारे कुणी तरी असते, 'ली'ने मेलेल्याची कोण करणार, असे त्याने लिहिले. शब्दकोशाच्या वाटेने तो इथवर आला, हे मला विशेष वाटते.

उच्चार, खगोल, भूगोल हे माझे अभ्यास म्हणजे पालखीचे भोई, आत बसला आहे तो विचार, असे तो म्हणत असल्याची नोंद आहे. समकालीनांनी कौतुक केले ते भोयांचे. मेन्शियस या प्राचीन कन्फ्युशियन तत्त्वज्ञाच्या शब्दार्थांवरील आपला ग्रंथ हेच आपले सर्वांत मोठे काम, असे त्याने मृत्यूच्या वर्षी द्वान यूछाय या शिष्याला कळवले. तो गेल्यावर चरित्रलेखात त्याचे एक तत्त्वचर्चेचे पत्र घेतले गेले, तेव्हा झू यून या नामांकित विद्वानाने ते गाळावे असे सुचवले. दाईचे टिकण्याजोगे काम ते नव्हे, असे त्याचे मत होते.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे