मोफत इंटरनेट पॅसेजपर्यंतच! एसआरए इमारतीतून तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख, इंटरनेट सेवा कंपनी

महोदय/महोदया,

आमची इमारत मानखुर्दची, एसआरएतली, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली. ताबा मिळताना बिल्डरच्या ऑफिसात तुमच्या माणसांनी पत्रक वाटलं होतं. पुनर्वसनातल्या प्रत्येक खोलीत मोफत इंटरनेट जोडणी, असं त्यात छापलंय. पत्रक सोसायटीच्या फायलीत आहे, झेरॉक्स सोबत जोडली आहे.

प्रत्यक्षात मजल्याला एक राउटर, तोही लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये. घरं 300 चौरस फुटांची असली तरी मध्ये आरसीसीच्या भिंती आणि लोखंडी सेफ्टी दरवाजे आहेत. लिफ्टजवळच्यांना रेंज मिळते. टोकाच्या घरांना दार सताड उघडं टाकूनही नाही. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे पसंतीक्रम भरायला मुलं चपलांच्या स्टँडशेजारी बसली होती. रात्री उशिरा मुलींना तिथे बसू द्यायला आया तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अर्ध्यात लटकला की शेवटी सायबर कॅफेवाल्याचेच पैसे होतात.

संध्याकाळी सगळे घरी आले की स्पीड 2 एमबीपीएसच्याही खाली जातो. जानेवारी 2023 पासून त्याहून कमी स्पीडला ब्रॉडबँड म्हणता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कॉल सेंटरवर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमचं फ्री कनेक्शन आहे ना, पेडवाल्यांचं आधी बघावं लागतं." लगेच तुमचा सेल्समन दारोदार फिरला: महिन्याचा प्लॅन घ्या, उद्याच आत वायर टाकून देतो. म्हणजे वायर आत येऊ शकते तर!

आता फ्रीचं बघू. गच्चीवर तुमचा बॉक्स आहे. आमच्याच डक्टमधून तुमची फायबर शेजारच्या टॉवरला जाते, ज्यातले फ्लॅट बिल्डरने बाजारभावाने विकायला बांधलेत, आणि तिथे तुम्ही दरमहा पैसे घेता. त्या बॉक्सची वीज आमच्या कॉमन मीटरवर. गच्चीचं भाडं तुम्ही देत नाही, डक्टचंही नाही. मेंटेनन्स भरताना दमछाक होणारी माणसं तुमच्या धंद्याचं लाइटबिल भरतायत. मग फुकट नेमकं कोण कुणाला देतंय?

केरळात जून 2023 मध्ये सुरू झालेल्या के-फोनमधून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना घरात मोफत इंटरनेट जोडणी दिली जाते. ती सरकारी योजना, मान्य आहे. पण तुमची फायबर तर आमच्या भिंतीतूनच जाते, तुम्हाला शेवटचे काही मीटरच टाकायचे आहेत.

तेव्हा प्रत्येक घरात वायर आणि वेगळा राउटर द्या, आणि बॉक्सला स्वतंत्र वीजमीटर घ्या. आजवरच्या विजेचा हिशेब आमच्या खजिनदारांबरोबर बसून करा. मोफत जोडणीची तक्रारही बाकीच्यांसारखीच नोंदवून तिचा क्रमांक द्या. आजवर एकदाही मिळालेला नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) 2012 च्या नियमांनुसार तो देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. दाद मिळाली नाही तर तुमच्याच अपील प्राधिकरणाकडे जाऊ. गच्चीवरच्या बॉक्सचं काय करायचं, हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घेतला आहे.

इंजिनीअर पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी कळवा. डक्टची चावी वॉचमनकडे नसते, माझ्याकडे असते.

आपली,
सचिव, गृहनिर्माण सोसायटी
मानखुर्द, मुंबई