कवेलू माघातच फेरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लेखकाचे घर वणव्यात सापडल्याची बातमी बहुधा अमेरिकेतली असते, म्हणून आपण पान उलटतो. ॲरिझोनात झेन ग्रे या कादंबरीकाराची जंगलातली केबिन 1990 च्या ‘ड्यूड’ वणव्यात जळाली. आज पेसन गावात आहे ती तिची प्रतिकृती. सेवाग्रामच्या बापूकुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीत उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा यांची प्रतिकृती करून काय करणार? गांधीजी 1936 मध्ये तिथे आले. त्यानंतरचे त्यांचे कितीतरी लेखन आणि पत्रव्यवहार ज्या घरांतून झाला ती, आणि शेजारची महादेव कुटीसुद्धा, माती-लाकूड-बांबू-कवेलूचीच (कवेलू म्हणजे कौल). सेवाग्रामला घनदाट जंगल नाही खरे, पण उन्हाळ्यात शेताचे धुरे (बांध) आणि पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) सगळ्या वर्धा जिल्ह्यात पेटवतात. अशा प्रत्येक जुन्या घराला लागू पडेल असे आगीपासून बचावाचे थोडे लिहितो.

मातीच्या कुटीत आग शिरते ती वळचणीतून. जाळ धुऱ्यावरच असतो, पण चैत्र-वैशाखातली वावटळ पऱ्हाटी-तुराटीचे पेटते तुकडे उचलून लांब नेऊन टाकते. साफ कवेलूवर पडलेला निखारा आपोआप विझतो. तोच वानराने सरकवलेल्या कवेलूच्या फटीत, चिमणीच्या घरट्यात किंवा खारीने आढ्यापाशी नेऊन कोंबलेल्या कापसात पडला, तर आत धुमसत राहतो. बाहेर धूर दिसेपर्यंत खालच्या बांबूच्या ताटव्यांनी पेट घेतलेला असतो. कडुलिंब-पिंपळाची पानगळही याच दिवसांतली, आणि ती पाने याच फटींत साचतात.

कवेलू फेरण्याचा, म्हणजे उतरवून पुन्हा नीट लावण्याचा, आपला रिवाज पावसासाठीचा, म्हणजे रोहिणी-मृगाच्या आधीचा. वनखाते आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरते. म्हणजे ऐन धोक्याच्या महिन्यांत छप्पर सर्वांत विस्कटलेले! ऐतिहासिक कुट्यांपुरता तरी हा रिवाज मोडावा. माघात पूर्ण फेरणी करावी. तेव्हा चिमण्यांची पिल्लेही सहसा नसतात. कवेलू उतरवून पाने, कापूस, रिकामी घरटी काढावीत, फुटके बदलावे, वळचणीची उघडी तोंडे शेण-माती-भुशाच्या गिलाव्याने बुजवावीत. हवेसाठी जिथे फट ठेवायचीच आहे तिथे तीन मिलिमीटरपेक्षा मोठी छिद्रे नसलेली लोखंडी जाळी ठोकावी. प्लास्टिकची जाळी वितळते. मग मेअखेर वानरांनी हलवलेले तेवढे नीट करावे. दोनदा मजुरी पडते म्हणून कुरकुर होईल, ती होऊ द्यावी.

खाली जमिनीवर भिंतीपासून दीड मीटर नुसते सारवलेले अंगण किंवा मुरूम हवा. पडवीत सरपण, केरसुण्या, जुने ताटवे टेकवून ठेवण्याची सवय सोडावी. दहा मीटरपर्यंत गवत बोटभर उंचीचे राखावे आणि छपरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात. शेताच्या बाजूने किमान तीन, जमल्यास सहा मीटरचा मोकळा पट्टा ठेवावा. जंगलात जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, गवत कापून, वाळवून, पहाटे जाळून काढतात. कुटीजवळ मात्र जाळायचे नाही, वखराच्या दोन पाळ्या द्यायच्या. उघडी काळी माती पेटत नाही. बहुतेक ठिकाणी चूक होते ती पुढे: कापलेले गवत पट्ट्याच्याच कडेला ढिगाने पडून राहते आणि पट्ट्याचा उपयोग संपतो. ते उचलून लांब न्यावे. पानगळ चालू असेतो पट्टा आठवड्यातून एकदा झाडावा.

पाण्याचेही तंत्र आहे. अग्निशमन बंबाचा जोरदार फवारा मातीच्या भिंतीवर मारला तर गिलावा उखडतो, भिंत भिजून बसते. निखाऱ्यांसाठी कपाशीवर वापरतो तो 16 लिटरचा फवारणी पंप उत्तम. दोन पंप भरून ठेवावेत, सोबत शिडी. फक्त ते नवे, पाण्यापुरतेच असावेत. कीटकनाशकाचा जुना पंप कितीही धुतला तरी कागदपत्रांजवळ नकोच. भिंतीला टांगलेले कोरड्या पावडरीचे सिलिंडर विजेच्या आगीला ठीक, पण ती पावडर कागदावर, धातूवर बसते आणि दमट हवेत त्यांना खाते. कार्बन डायऑक्साइड बांबूतला निखारा पूर्ण विझवत नाही. वायू ओसरला की तो पुन्हा धरतो.

एक आग तर आपणच घरात आणतो. लाकडाला जवसाचे तेल चोळतात. त्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापून पेटतात. जॅक लंडन या लेखकाचे कॅलिफोर्नियातले ‘वुल्फ हाउस’ तो राहायला जाण्याआधीच 1913 मध्ये जळाले. 1995 मध्ये तज्ज्ञांनी पाहणी करून कारण काढले ते अशाच तेलकट चिंध्यांचे. तेल लावून झाले की चिंध्या बादलीत बुडवाव्यात किंवा दगडावर एकेक पसरून वाळवाव्यात.

शेतकऱ्याला नुसता दम देऊन उपयोग नाही. गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी नष्ट करायला कृषी खातेच सांगते, आणि काडी ओढणे सर्वांत स्वस्त पडते. कुटीभोवतालच्या शेतांना ग्रामपंचायतीने पऱ्हाटी कुट्टी करण्याचे यंत्र फुकट फिरवून द्यावे. खर्च एका फेरणीपेक्षा फार नसावा.

तरीही आग जवळून गेलीच, तर ती विझल्यावर माणसे घरी पाठवू नयेत. रात्रभर दोघांनी पहारा ठेवावा, दर अर्ध्या तासाने शिडी लावून आढ्याजवळच्या कवेलूंना हात लावून पाहावा. एखादा शेजारच्यांपेक्षा गरम लागला तर तो उचलून खाली पंप मारावा. जंगलाच्या बाजूने जाळ दिसल्यास वनखात्याचा 1926 हा क्रमांक लावावा, गाव आणि शिवार दोन्ही सांगावे.

– एक निवृत्त वनपाल, सेलू (जि. वर्धा)