त्या तीन मुलांचे आभार

१९९१ साली दक्षिण सुदानमधील एका गावातून, प्रार्थना सुरू असताना, बंडखोरांनी पळवून नेलेल्या सहा वर्षांच्या, पुढे अमेरिकेचा ऑलिम्पिक धावपटू झालेल्या लोपेझ लोमाँगला ज्या तीन थोरल्या मुलांनी रात्री कुंपणाच्या भोकातून बाहेर काढले आणि पाय सोलवटले तरी हात न सोडता, तीन दिवस पळवत केनियाच्या हद्दीत पोहोचवले, त्यांचे आम्ही धावपटू मनःपूर्वक आभार मानतो. कोंडवाड्यात वाळू मिसळलेली ज्वारी खाऊन मुले दगावत होती. अशा वेळी, खरे तर, एकट्याने निसटणे सोपे होते.

पुढे केनियातील काकुमाच्या निर्वासित छावणीत त्याची दहा वर्षे गेली. २००० साली मैलोगणती चालून, पाच शिलिंग मोजून, ज्यांच्या कृष्णधवल दूरचित्रवाणी संचावर त्याने अमेरिकी धावपटू मायकेल जॉन्सनची ऑलिम्पिकमधील धाव पाहिली, त्या घरमालकांचेही आभार. पैसे घेतले म्हणून ऋण कमी होत नाही.

२००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटनात, नागरिकत्व मिळून जेमतेम वर्ष झालेले असताना, अमेरिकेच्या पथकापुढे ध्वज घेऊन तोच लोपेझ चालला. ती तीन मुले मात्र केनियात पोहोचल्यावर त्याला पुन्हा कधी दिसली नाहीत.