त्या काचेच्या पेटीबद्दल, बाई

बाई, सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी इथे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, टूसॉनमध्ये, यंदाचा पहिला पाऊस झाला. कॅटालिना डोंगरावर दुपारपासून काळं भरून आलं होतं, तरी मी दोरीवरचे कपडे काढले नाहीत. इथले ढग आमच्या आटपाडीच्या ढगांसारखेच, गाजावाजा फार आणि देणं थोडं. काल मात्र त्यांनी शब्द पाळला. वीस-पंचवीस मिनिटांत अंगणातले दोन्ही खड्डे भरले आणि तुम्ही आखून दिलेल्या सांडव्यातून पाणी बरोबर लिंबाच्या आळ्यात उतरलं. तुम्हाला सांगायला फोन उचलला आणि मग आठवलं, तुम्ही आता लेकीकडे सिॲटलला. तिथे पावसाचं काय कौतुक असणार! म्हणून हे पत्र.

मराठीत लिहितेय. तुम्हाला ‘पाणी’, ‘चहा’ आणि ‘पुरे’ एवढेच मराठी शब्द येतात हे ठाऊक आहे. इंग्रजीत करून पाठवीनच, पण मी कुणाचं देणं लागते हे आधी माझ्या माणसांना कळू दे. आणि ‘बाई’ म्हटलेलं चालवून घ्या. वर्गात सगळे तुम्हाला पहिल्या नावानं हाक मारायचे, अगदी चौथीतली पोरंसुद्धा. माझ्याच्यानं ते कधी झालं नाही. शिकवणाऱ्या बाईला आमच्याकडे बाईच म्हणतात.

आपली ओळख बादलीवरून झाली. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा न्हाणीघरात बादली ठेवायचे. गरम पाणी यायच्या आधी जे गार पाणी वाया जातं ते धरायचं आणि झाडांना घालायचं. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी ती बादली पाहिली आणि हसले. “अमेरिकेत आलीस तरी दुष्काळ सोडवत नाही!” बोलण्यात वाईट काही नव्हतं, पण त्या दिवसापासून कुणी येणार असलं की मी बादली कपाटात ठेवायला लागले.

पुढे पावसाच्या पाण्यावरच्या तुमच्या वर्गाला आले. खरं सांगायचं तर शिकायला नव्हे, टाकी बसवायला पालिका पैसे परत देते आणि त्यासाठी वर्ग सक्तीचा आहे म्हणून आले. तुम्ही पहिलाच प्रश्न टाकलात, “गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी कोण कोण धरतं?” मी हात वर केला नाही. तुम्ही स्वतःच केलात. मग सांगितलंत की १९८०च्या दशकात अ‍ॅरिझोना विद्यापीठानं याच गावात एक साधं राहतं घर घेतलं, त्याला ‘कासा देल आग्वा’ म्हणजे पाण्याचं घर असं नाव दिलं, आणि छपराचं नि न्हाणीचं पाणी पुन्हा वापरलं तर किती वाचतं याचं मोजमाप केलं. म्हणजे माझी आई मोरीचं पाणी परसातल्या अळवाला नि केळीला सोडते, त्यावर इथं विद्यापीठात संशोधन झालं होतं. त्या रात्री बादली कपाटातून बाहेर आली ती आजतागायत.

(आईला हे फोनवर सांगितलं. इथल्या २००१च्या नियमानुसार आंघोळीचं नि कपड्याचं पाणी दिवसाला साधारण १,५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय झाडांना देता येतं, पण स्वयंपाकघरातलं खरकटं पाणी चालत नाही. खायच्या झाडांत लिंबू-संत्र्यासारखी फळझाडं आणि कठीण कवचाच्या फळांची झाडं चालतात, अळू नाही. आई म्हणाली, “म्हंजे माझं अळू तिकडं बेकायदा?” हो आई.)

हिशेब तुम्ही शिकवलात. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. माझं छप्पर १४० चौरस मीटर आणि इथला पाऊस वर्षाला २९० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चाळीस हजार लिटर. आमच्या गावाकडचा टँकर साधारण दहा हजारांचा. दर वर्षी चार टँकर पाणी माझ्या डोक्यावरून घरंगळून रस्त्यावर जात होतं आणि मी बादलीभर पाण्याची लाज बाळगत होते!

खड्डे खणताना उतार मोजायला तुम्ही दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी काढलीत, आत पाणी भरलेलं. मला हसू आवरेना. आमचे गवंडी पायाची पातळी अशीच बघतात. तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढच्या वर्गात तुम्ही ते मला उभं राहून सांगायला लावलंत. माझं इंग्रजी त्या दिवशी जरा लंगडत होतं, पण नळीनं सांभाळून घेतलं.

हे सगळं आभार मानण्याजोगं आहेच. पण पत्र लिहायला बसले ते पेटीसाठी.

विद्यापीठाच्या पाणी-शिक्षणाच्या कार्यक्रमात चौथीच्या मुलांसाठी जलमेळावे भरतात, तिथे तुम्ही मला मदतीला नेलंत. मला दिलीत ती भूजलाची पेटी. पारदर्शक भिंती, आत वाळू आणि खडीचे थर, वर कोरलेली नदी, आणि विहिरी म्हणून खोल उतरवलेल्या नळ्या, त्यांच्या तोंडाला पिचकाऱ्या. एका पोरीनं पिचकारी ओढली. दुसऱ्या विहिरीतलं पाणी उतरलं, आणि पाठोपाठ वरची नदी गेली. मुलं ओरडली. तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत की आपली सांता क्रूझ नदी अशीच गेली.

मुलं पुढच्या टेबलाकडे पळाली. मी तिथेच उभी राहिले.

आमच्या वडिलांची विहीर माझ्या बाराव्या-तेराव्या वर्षी आटली. त्याच उन्हाळ्यात चुलत्यांनी बांधापलीकडे बोअर पाडली होती. वडील म्हणायचे, भावानं पाणी चोरलं. चुलते म्हणायचे, माझ्या रानातलं पाणी माझं. दोन घरांतलं बोलणं-चालणं बंद. माझ्या लग्नालाही चुलते आले नाहीत. इतकी वर्षं मी हे भाऊबंदकीचं प्रकरण म्हणून धरून चालले होते आणि चौथीच्या एका पोरीनं पिचकारी ओढून मला दाखवलं की दोघांचं पाणी एकच होतं. चोरी कुणी केली नव्हती, नळ्या दोन आणि पेटी एक, एवढंच.

तुम्ही काही विचारलं नाहीत. नदीवर घेऊन गेलात. तिथे कोरड्या पात्रात उभं राहून टूसॉनचा पाण्याचा इतिहास सांगितलात. कधीकाळी इथं पाणी वाहायचं, काठाला झाडं होती. हे शहर अनेक दशकं निव्वळ जमिनीखालच्या पाण्यावर वाढलं, मध्यवस्तीत काही ठिकाणी पातळी साठ मीटरहून खाली गेली. मग १९८०चा भूजल कायदा आला. मोठ्या विहिरींना मीटर बसले, नवी जमीन ओलिताखाली आणायला बंदी झाली. मग कोलोरॅडो नदीचं पाणी सुमारे ५४० किलोमीटर कालव्यानं, पंपांनी चढवत चढवत आणलं. मी म्हटलं, आमच्याकडे हे टेंभू योजनेत झालंय, कृष्णेचं पाणी असंच उचलून दुष्काळी तालुक्यांत आणलंय. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे. तुम्ही वही काढून ‘टेंभू’ लिहून घेतलंत.

कालव्याचं पाणी १९९२ साली थेट नळाला सोडलं आणि जुन्या पाइपांतला गंज सुटून घरोघर तांबडं पाणी आलं, १९९४ साली ते थांबवावं लागलं आणि १९९५ साली लोकांनी मतदान करून ते तसं थेट द्यायला बंदी घातली, हेही तुम्ही लपवलं नाहीत. “आमच्याकडे शास्त्र होतं, पण लोकांना विचारलं नव्हतं,” म्हणालात. पुढे तेच पाणी शहराबाहेरच्या आव्हरा खोऱ्यात तळ्यांतून जमिनीत मुरवलं, तिथल्या भूजलात मिसळू दिलं आणि मग उपसून २००१पासून दिलं. शहरातले जुने उपसे कमी झाले तशी मध्यवस्तीतली पातळी वर येऊ लागली. पाणी कालव्याचं असलं तरी जिरलं जमिनीतच. आता त्या कोलोरॅडोलाच धाप लागलीय. तुमच्याच विद्यापीठातल्या, झाडांच्या वलयांवरून जुनं पाऊसपाणी ताडणाऱ्या प्रयोगशाळेनं १९७६ साली दाखवलं होतं की १९२२ साली सात राज्यांनी नदी वाटून घेतली ती नेमकी ओल्या वर्षांचा आकडा धरून. जी प्रयोगशाळा कित्येक दशकं फुटबॉलच्या स्टेडियमखाली होती, तिचं वरच्यांनी ऐकायला वेळ लावला यात नवल नाही, हा माझा शेरा.

गावी जाताना मला पेटी न्यायची होती. तुम्ही “नको” म्हणालात. मला वाईट वाटलं. मग समजावलंत, ही पेटी वाळूची आहे. टूसॉन वाळू-खडीच्या खोऱ्यावर बसलंय, तुमच्याकडे खाली काळा पाषाण. तिथे पाणी मुरमात आणि दगडाच्या भेगांत राहतं, दोन विहिरींचा संबंध असेल तर असेल, नसेल तर नसेल. “तुझ्या जमिनीची पेटी तूच बनव, नाहीतर तू खोटं शिकवशील.” आणि मग चार शनिवार माझ्याबरोबर बसून ती कशी बनवायची ते शिकवलंत.

आटपाडीत माशांची जुनी टाकी मिळाली. तळाला फरशीचे तुकडे मध्ये फटी ठेवून रचले, वर मुरूम, त्यावर काळी माती. पिचकारीऐवजी हात धुवायच्या साबणाच्या बाटल्यांचे पंप. झेडपीच्या शाळेत मांडली. पहिल्यांदा सगळी गढूळ झाली, मुरूम धुवून घ्यायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी जमली. एका फटीवरच्या दोन विहिरी एकमेकींचं पाणी ओढत होत्या आणि तिसरी, दुसऱ्या फटीवरची, तशीच भरलेली.

चुलते नातवाला घ्यायला आले होते. दारातून बघत राहिले. मग आत येऊन त्यांनी स्वतः पंप दाबला, पाच-सात वेळा. बाजूची विहीर उतरताना बघितली. म्हणाले, “बोअर पण तीन वर्सांनी कोरडीच पडली की.” एवढंच बोलले. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. वडिलांनी आत हाक मारली, “चहा टाक गं.” पाण्याचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही, डाळिंबाच्या भावावर बोलत बसले.

हे मी तुम्हाला परत आल्यावर सांगायला हवं होतं. पण तुमचं घर विकायला निघालं होतं, खोकी बांधली जात होती, आणि मी फक्त “पेटी चांगली चालली” म्हणून निघून आले.

तुमच्या दारातल्या मेस्किटच्या शेंगा या वर्षीही मी गोळा केल्यात, नव्या मालकीणबाईंना विचारून. आमच्याकडच्या वेड्या बाभळीची ही सख्खी बहीण. तिकडे आम्ही तिला शिव्या देतो, इथं तुम्ही तिचं पीठ करता. अर्धं ज्वारीचं, अर्धं ते, अशा भाकरी जमायला लागल्यात. गोडसर लागतात. दळून आणलं की किलोभर पोस्टानं पाठवते. सिॲटलच्या दमट हवेत डबा घट्ट लावून ठेवा.

तुमची,
बादलीवाली