मोत्यांचा गालिचा

महोदय,

राजचिन्हांचा विषय निघाला की आपण थेट लंडन गाठतो आणि कोहिनूरसाठी हळहळतो. पण बडोद्याचे राजे खंडेराव महाराज गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा किती बडोदेकरांना ठाऊक आहे? रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर लाखो बसरा मोती, वर हिरे, माणकं, पाचू! तो मदिनेला अर्पण करायचा बेत होता म्हणतात. १८७० मध्ये महाराज वारले आणि गालिचा इथेच राहिला. अखेर २००९ मध्ये कतारमधल्या दोहा शहरात त्याचा लिलाव झाला. खंडेरावांकडचा ब्राझीलचा १२८ कॅरटचा ‘स्टार ऑफ द साउथ’ हिराही त्यांच्यानंतर कधीतरी बाहेर गेलाच. विकणाऱ्यांना आता नावं ठेवून काय उपयोग? निदान शहरातल्या संग्रहालयांनी या वस्तूंची मोठी छायाचित्रं मराठी-गुजराती माहितीसह लावावीत.

– एक वाचक, रावपुरा, बडोदे